सातमजलीची सावली

वाशीमहून सकाळी साडेसहाला निघालं की मंगरूळपीरला चहा होतो आणि साडेआठच्या आत कारंजा येतं. मंजुषा आणि अश्वजित या बहीण-भावाला ती वाट पाठ होती. मंजुषा इंजिनीअर. जुन्या इमारती तपासून त्या राहण्यालायक आहेत की नाहीत याचा अहवाल ती लिहून द्यायची. अश्वजित तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, सर्व्हेअर. तो मोजायचा, ती आकडेमोड करायची. शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, एकदा तर एक बंद पडलेलं टॉकीज, अशी सहा वर्षांत दोघांनी कितीतरी कामं केली होती. मंजुषाच्या सहीवर कुणी कधी बोट ठेवलं नव्हतं.

कारंज्याचं हे काम जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आलं. जुन्या जिनिंगच्या आवाराला लागून असलेली ती इमारत गावात 'सातमजली' म्हणून ओळखली जायची. होते मात्र तळमजला धरून चारच मजले. पत्ता विचारला तर पोरंसोरंही 'ते काय सातमजली' म्हणून बोट दाखवत, आणि त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नसे.

इमारत बांधली दौलतसिंग शेठ नावाच्या कापसाच्या व्यापाऱ्याने, १९३८ साली. चारी बाजूंना मातीची, धाब्याची घरं असताना या माणसाने मुंबईहून नकाशा आणवला आणि सिमेंट-लोखंडाची इमारत उभी करायला घेतली. सिमेंटची पोती छोट्या रेल्वेने आली, सळया बैलगाड्यांवरून आल्या. कोपरे गोल वळवलेले, प्रत्येक मजल्यावर खिडक्यांच्या डोक्यावरून भुवईसारखी सलग फिरलेली सज्ज्याची पट्टी, जिन्याच्या बाजूला जहाजाला असतात तशा गोल खिडक्या. आत लिफ्टसाठी ठेवलेली उभी पोकळी. लिफ्ट कधी आली नाही. त्या पोकळीत तळाशी आता सायकलींचे सांगाडे पडलेले होते.

शेठचा नातू मदनसिंग नागपूरला राहायचा. त्याने पत्र्याच्या नळकांड्यातून मूळ नकाशा पाठवून दिला होता. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांनी काढलेली सात मजल्यांची इमारत. जमिनीपासून कठड्यापर्यंत उंची एकोणनव्वद फूट सहा इंच. "लढाई लागली अन् लोखंड मिळेनासं झालं, म्हणून वरचे तीन मजले राहून गेले," मदनसिंगने फोनवर सांगितलं होतं. "तुम्ही फक्त पाहून सांगा मॅडम, अजून किती वर्षं टिकेल. खाली दुकानं आहेत, वर दोन कुटुंबं राहतात. उद्या काही झालं तर माझ्या डोक्यावर नको."

पहिल्या दिवशी मंजुषा खूश झाली. असं काम आता पाहायला मिळत नाही. तळमजल्याचे खांब दोन-दोन फुटांचे, हत्तीच्या पायासारखे. सात मजल्यांचा भार धरून बांधलेले, त्यावर चारच मजले. असल्या इमारतीला शंभर वर्षं काही होत नाही, असं ती अश्वजितला म्हणालीसुद्धा.

मग तिने खांबांवरचा चुना खरवडला.

आत उभ्या भेगा होत्या. केसासारख्या बारीक, एकमेकींना समांतर, खालून वर गेलेल्या. एका खांबाला नाही, सगळ्या सोळा खांबांना. अशी भेग एकाच कारणाने पडते. डोक्यावर झेपणार नाही इतका भार आला की खांब असा उभा तडकतो. पुढे तिने जोत्याची पातळी पाहायला लावली. अश्वजितने दुर्बिणीतून तीनदा पाहिलं.

"तीन इंच खाली बसली आहे, ताई. सगळीकडून सारखी."

"जुनी असन."

"नाई न. फरशीचा सांधा पाह्य. भेगेतली माती ताजी आहे."

तळमजल्यावर रस्त्याच्या अंगाला रऊफ मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं. साठी ओलांडलेले, डोळ्यांवर जाड चष्मा, गळ्यात टेप. त्यांनी दोघांना दोन स्टुलं दिली, पाणी दिलं, आणि मंजुषाचं खांबावर हात फिरवणं बराच वेळ पाहत राहिले.

चौथ्या मजल्यावर कुणी राहत नव्हतं. तिथे छताला ओल होती. मंजुषा मान वर करून पाहत असताना एक थेंब तिच्या कपाळावर पडला. पाऊस जाऊन तीन महिने झाले होते. गच्चीवर टाकी नव्हती, नळ नव्हता. ती दोघं वर गेली. गच्ची कोरडी ठणठणीत, तापलेली. कठड्याच्या आत खांबांच्या जागी गंजलेल्या सळयांचे झुबके वर आलेले. जिना गच्चीच्या दारापाशी संपत होता. पुढे काही नव्हतं. मोकळं आभाळ.

खाली येताना अश्वजित नाक फेंदारून म्हणाला, "ओल्या सिमेंटचा वास येऊन राह्यला."

तिलाही आला होता.

दुसऱ्या दिवशी उंची घ्यायची होती. टेपने आतून मजला-मजला मोजून ती त्रेपन्न फूट सहा इंच भरली होती. बाहेरून टेप सोडायला विजेच्या तारा आडव्या येत होत्या. इमारतीच्या पश्चिमेला जिनिंगचं रिकामं मैदान होतं, पूर्वी तिथे कापसाच्या गंजी लागायच्या. जमीन टणक आणि सपाट. सकाळची सावली सगळी त्या मैदानावर पडत होती. मंजुषा म्हणाली, "सावलीनं काढू. पडताळा होऊन जाईन."

सर्व्हेची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची दहा फुटी काठी अश्वजितने उन्हात ओळंब्याने सरळ उभी केली. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी काठीची सावली पंधरा फूट भरली. म्हणजे उंचीच्या दीडपट. इमारतीची सावली ऐंशी फूट भरायला हवी. अश्वजितने भिंतीला टेप लावला आणि चालत निघाला. चालत राहिला. मग तो थांबला आणि त्याने हात वर केला.

"टेप सरला, ताई!"

टेप शंभर फुटी होता. सावली त्याच्याही पुढे गेली होती.

त्यांनी खूण करून पुन्हा टेप लावला. एकशे साडेतीस फूट. मंजुषाने मोबाइलवर भागाकार केला. उंची सत्याऐंशी फूट आली.

तिला पहिल्यांदा हसू आलं. मग तिने काठी पुन्हा तपासली. मैदानाचा उतार पाहिला, जवळपास नव्हताच. आवारात एक जुना कडुनिंब होता, त्याची उंची दुर्बिणीने काढली आणि सावलीनेही काढली. दोन्ही आकडे जुळले. विजेच्या खांबाचे जुळले. समोरच्या मशिदीच्या मिनाराचे जुळले. फक्त सातमजलीचे जुळत नव्हते.

ती सावलीत शिरली आणि भिंतीपासून शंभर फुटांवर जाऊन उभी राहिली. या जागी ऊन असायला हवं होतं. तिने वळून इमारतीकडे पाहिलं. गच्चीचा कठडा स्वच्छ दिसत होता. त्याच्या वर निळं आभाळ होतं. सूर्य जिथे असायला हवा होता तिथेही निळं आभाळच होतं. ती तशीच उलटी मागे सरत गेली. एकशे साडेतीसाव्या फुटापलीकडे पाऊल पडलं आणि रिकाम्या आभाळातून ऊन एकदम तिच्या डोळ्यांत घुसलं.

"अशू," ती म्हणाली. "इकडं ये. खाली पाह्य."

सावलीत खिडक्या दिसत होत्या. जिथून उजेड आरपार येत होता तिथे जमिनीवर फिक्या चौकटी पडल्या होत्या. एका बाजूला गोल चकत्या, जिन्याच्या खिडक्यांच्या. त्याने मोजल्या. सहा ओळी होत्या. सातवी अर्धवट होती, आणि तिच्या कडेला बारीक आडव्या-उभ्या रेघा होत्या, बांधकामाच्या लाकडी बल्ल्या बांधलेल्या असाव्यात तशा.

मैदानाच्या टोकाला पोरांनी स्टंप म्हणून विटा रचल्या होत्या. सावली जिथे संपत होती त्याच्या बरोबर पलीकडे.

मंजुषा सरळ रऊफ मास्तरांच्या दुकानात गेली. ते काज करत होते.

"चाचा, ह्या बिल्डिंगची सावली लांब पडते."

"पडते," ते म्हणाले.

"तुमाले माईत आहे?"

"सगळ्यायलेच दिसते, बेटा. आजपरेंत मोजली कोणी नाई. सावली कोन मोजते?"

"सत्याऐंशी फूट भरली. नकाशात साडेएकोणनव्वद आहे."

मास्तरांनी सुई कापडात खोचून ठेवली. चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मी लहान होतो तवा त्या कडुनिंबापरेंत यायची," ते म्हणाले. "पाच मजले होते तवा."

त्यांनी पुढचं सगळं हळू आवाजात सांगितलं. त्यांचे आजोबा, ज्यांना ते दादा म्हणत, सेंटरिंगचे मिस्तरी होते. चौथा स्लॅब टाकून झाला, पाचव्याच्या फळ्या आजोबांनीच ठोकल्या. स्लॅब टाकायच्या दिवशी त्यांना ताप होता म्हणून ते खाली झाडाखाली पडून होते. किन्हीराजा गावचे बावीस मजूर होते, बाया आणि माणसं. सकाळी घमेली घेऊन वर गेले. कडुनिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. बाराच्या ठोक्याला तो वाजवला की जेवणाची सुट्टी व्हायची.

"त्या दिवशी दौलतसिंग शेठ म्हणे, स्लॅब पुरा झाल्याबिगर सुट्टी नाई. रूळ वाजवू नका. उन्हाळ्याचे दिवस. दोन वाजले, तीन वाजले. वरून घमेल्यायचा आवाज येतच होता म्हणे. पाच वाजता आवाज बंद झाला. कोणी खाली उतरलं नाई. मंग शेठ सोता वर गेले."

"अन् काय पाह्यलं?"

"काई नाई. तेच तं." मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "माणसं नाई, घमेले नाई, फळ्या नाई, बल्ल्या नाई. झाडून काढल्यावानी गच्ची. दादा म्हणत, शेठ खाली आले तं त्यायच्या तोंडातून शब्द फुटे ना. दुसऱ्या दिवसापासून काम बंद. किन्हीराजाचे लोक आले, त्यायले सांगितलं का मजूर दुसरीकडं कामाले गेले. ते चार दिवस झाडाखाली बसले अन् निघून गेले."

मंजुषाला या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नव्हता. पण तिच्यापुढे सोळा तडकलेले खांब होते. चार मजल्यांच्या भाराने ते तडकले नसते. हे कोणत्या तोंडाने अहवालात लिहायचं, याचाच विचार ती परतीच्या वाटेवर करत राहिली.

तिसऱ्या दिवशी काठीची सावली पंधरा फुटांवर आली तेव्हा त्यांनी पुन्हा मोजलं. एकशे बत्तीस फूट. उंची अठ्ठ्याऐंशी.

एका दिवसात एक फूट.

"काम चालू आहे," अश्वजित म्हणाला. त्याला ते गमतीने म्हणायचं होतं, पण जमलं नाही.

मंजुषाने एक सोपी परीक्षा ठरवली. अश्वजितने गच्चीच्या पश्चिमेच्या कठड्यापाशी काठी धरून उभं राहायचं. ती खाली मैदानात सावलीजवळ राहील. काठीची सावली कुठेतरी पडेलच. जिथे पडेल तिथे खरी गच्ची. बाकीच्या सावलीचं मग पाहता येईल. फोन चालू ठेवायचा.

त्याला एकट्याला वर पाठवताना तिच्या मनात शंका आली नाही असं नाही. पण दिवसाढवळ्या, चार मजले, भरला रस्ता. रऊफ मास्तरांचं मशीन खडखडत होतं.

अश्वजित काठी खांद्यावर टाकून आत गेला. मंजुषाने घड्याळात पाहिलं. नऊ वाजून चव्वेचाळीस मिनिटं.

दोन मिनिटांनी फोनवर त्याचा दम लागल्याचा आवाज आला. "पोचलो. कठड्यापाशी आहो."

तिने वर पाहिलं. तो दिसत होता. निळा शर्ट, हातात उभी काठी. तिने खाली पाहिलं. जमिनीवर काठी नव्हती, अश्वजितही नव्हता. सलग गडद सावली होती.

"दिसलं का?" त्याने विचारलं.

"नाई. थोडी हालव."

"हालवून राह्यलो न." मग तो थांबला. "ताई, परवा इथं जिना होता का?"

"कोनता जिना? तूच तं होता परवा माह्यासंगं. दारापाशी संपते."

"संपत नाई. वर जाते. ओला आहे. आत्ताच धुतल्यावानी."

तिने वर पाहिलं. काठी कठड्याला टेकवलेली होती. अश्वजित तिथे नव्हता.

"अशू, वर जाऊ नको. खाली ये."

फोनमध्ये खूप आवाज येत होते. फावडं घासल्याचा. पाण्याचा. बायकांच्या बांगड्यांचा. आणि घमेली हातोहात जाताना होतो तो ठप ठप असा एकसारखा आवाज. कुणीतरी जवळून म्हणालं, "घे रे भाऊ."

"मानसं आहेत इथं, ताई," अश्वजित म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "एक मानूस कमी पडून राह्यला त्यायले."

फोन बंद झाला.

ती धावत सावलीच्या टोकाला गेली. सातव्या मजल्याच्या अर्धवट कडेवर, जमिनीवर, माणसांची रांग सरकत होती. लहान-लहान काळ्या आकृती, प्रत्येकीच्या डोक्यावर घमेलं. काल त्या रेघा तिला बल्ल्या वाटल्या होत्या. रांगेच्या शेवटी एक आकृती डोक्यावर काही न घेता उभी होती. उंच, जरा पोक काढून उभी राहणारी. अश्वजित तसाच उभा राहायचा.

दुसरी एक आकृती वाकली, उठली. रिकाम्या डोक्यावर घमेलं ठेवलं गेलं. रांग पुढे सरकली.

मंजुषा जिना चढली. चार मजले कसे चढली ते तिला नंतर आठवलं नाही. गच्ची रिकामी होती. काठी कठड्याला टेकलेली. जिना दारापाशी संपत होता. तिने हाका मारल्या. सळयांचे झुबके हातांनी हलवून पाहिले. पायाखालचा स्लॅब हलकासा थरथरत होता, वरून कुणी चालत असावं तसा.

वर आभाळ होतं.

ती खाली धावली. रऊफ मास्तर दुकानाबाहेर येऊन उभे होते.

"तो रूळ," ती म्हणाली. "चाचा, तो रुळाचा तुकडा कुठी आहे?"

"झाडालेच आहे. खोडात रुतला. कायले?"

"त्यायची सुट्टी झाली नाई न अजून!"

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. मग आत गेले आणि कोळशाच्या इस्त्रीखालचा लोखंडी ठोकळा घेऊन आले.

कडुनिंबाने तो रूळ अर्धा गिळला होता. वीतभर बाहेर होता. मंजुषाने दोन्ही हातांनी ठोकळा मारला. बद्द आवाज झाला. दुसऱ्या घावाला साल उडाली. तिसऱ्याला लोखंड लोखंडाला लागलं, आणि मैदानावरून तो आवाज गेला.

ती मारत राहिली. रस्त्यावरची माणसं थांबून पाहू लागली. मास्तरांनी कानांवर हात ठेवले नाहीत. ते सावलीकडे पाहत होते.

"बेटा," ते म्हणाले. "थांबले."

रांग थांबली होती.

एकेक घमेलं खाली आलं. आकृती बसू लागल्या. काही कडेला, काही खिडक्यांच्या फिक्या चौकटींत. कुणी गुडघ्यात मान घातली. कुणीतरी पदर सोडून काहीतरी उलगडत होतं. वाऱ्याने कडुनिंब हलला. त्या आकृती हलल्या नाहीत.

एक उभी होती. तीही वळली आणि दिसेनाशी झाली.

मंजुषा इमारतीच्या दारात येऊन उभी राहिली. आत जिन्यावर पावलं वाजत होती. खूप वरून. एक मजला, दुसरा, तिसरा. तिने मोजले. सात झाले तेव्हा अश्वजित शेवटच्या पायरीवर आला.

शर्टावर ओल्या सिमेंटचे शिंतोडे होते. चेहरा उन्हाने रापलेला. तो दारापाशी बसला, मास्तरांनी दिलेला तांब्या त्याने एका दमात संपवला आणि दुसरा मागितला.

"किती वाजले?"

"दहाले पाच कमी आहे." तो आत गेल्याला अकरा मिनिटं झाली होती.

"आजच?" त्याने विचारलं.

तिने तांब्या पुन्हा भरून दिला. त्याने तिसरा तांब्या प्यायला. मग म्हणाला, "ते जेवाले बसले, ताई. लय खुश झाले. मुकादम म्हणे, तू बी जेवून ये."

मंजुषाने सामान तिथेच सोडलं. भावाला गाडीवर मागे बसवलं, त्याचे दोन्ही हात आपल्या कमरेभोवती धरायला लावले आणि वाशीम येईपर्यंत कुठेही थांबली नाही.

अहवाल तिने दुसऱ्याच दिवशी लिहिला. खांबांवर क्षमतेपेक्षा जास्त भार आहे, इमारत ताबडतोब रिकामी करावी, खाली सही. भार कशाचा, हे लिहायच्या रकान्यात तिने काही लिहिलं नाही. मदनसिंगने फोनवर विचारलं, "चारच मजले आहेत न मॅडम?" ती म्हणाली, "तुम्ही एकदा सकाळी येऊन मैदानातून पाहा." तो आला की नाही, तिला कळलं नाही. पण आठवडाभरात दोन्ही कुटुंबं हलली. रऊफ मास्तरांनी मशीन रस्त्यापलीकडे नेलं. तिने त्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "समदे सुखरूप आहेत, बेटा. फक्त मैदानात पोरं खेळत नाईत आता."

अश्वजित चारचौघांसारखा वागत होता. ऑफिसला येत होता, नकाशे काढत होता. कारंज्याचा विषय त्याने काढला नाही, तिनेही नाही. दुपारी डबा खाऊन झाल्यावर मात्र तो काही वेळ दाराकडे पाहत बसायचा.

रविवारी सकाळी त्यांची आई, पंचफुला, अंगणात पाट टाकून बसली. रविवारी लेकाच्या डोक्याला तेल लावायचा तिचा नेम त्याच्या लग्नाच्या वयातही सुटला नव्हता. ऊन कोवळं होतं. आत भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींना तिने नुकताच हार घातला होता. अश्वजित तिच्या पुढ्यात पायरीवर बसला, डोळे मिटले. मंजुषा शेजारी भाजी निवडत होती. पंचफुलाने तेल हातावर घेतलं आणि त्याच्या टाळूवर थापलं.

तिचा हात थांबला.

तिने दोन्ही अंगठ्यांनी त्याचे केस बाजूला केले. पुन्हा केले. मग हळूच मंजुषाला खुणेने जवळ बोलावलं.

टाळूवर वाटीएवढी गोल जागा होती. तिथे केस नव्हते, झिजून गेले होते. कातडी जाड, पिवळसर, पायाच्या टाचेसारखी कठीण झालेली. मध्ये जराशी खोलगट.

"अशू," पंचफुला म्हणाली, "डोक्शावर काय वाह्यलं रे तू?"

"काई नाई, माय," तो डोळे न उघडता म्हणाला. "लाव न तेल. बरं वाटून राह्यलं."

पंचफुलाने डोक्यावरचा पदर मागे सारला. या दोघांच्या शिक्षणासाठी ती वर्षानुवर्षं बांधकामावर गेली होती. वाशीमच्या अर्ध्या बिल्डिंगा माह्या डोक्यावरून वर गेल्या, असं ती हसून सांगायची. तिने मंजुषाची बोटं धरली आणि आपल्या टाळूवर टेकवली. केसांखाली तशीच गोल, कठीण जागा होती, घमेल्याखालच्या चुंबळीने पडलेली. मग तीच बोटं तिने अश्वजितच्या टाळूवर नेली. दाबून धरली.

"मले हा घट्टा पडाले बारा वर्सं लागले," ती हलक्या आवाजात म्हणाली. "याचा माह्याहून जुना आहे."